शुक्रवारी शिकलेली गाडी

आमच्या घरात हळू कुणी बोलतच नसे. "मीठ दे" हेसुद्धा पलीकडच्या आळीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं जाई, आणि नव्या पाहुण्याला वाटे, यांचं आपसात काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं काही नसे. बाबा भिवंडीत पंचवीस वर्षं लूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम ठाकठीक करून देणारे. एका पत्र्याखाली चाळीस-चाळीस लूम खडखडत असताना तिथं माणसाचा आवाज माणसापर्यंत पोचत नाही. कारागीर एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात, हातांनी खुणा करतात. बाबा घरीही आमच्या तोंडाकडे टक लावून बघत. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. सगळ्यांचेच बाप असे बघतात, असंच मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते.

कारखाना सोडल्यावर बाबांनी एक जुनी गाडी घेतली. करड्या रंगाची, चौकोनी, डाव्या दाराला आतून कडी नसलेली. तिची मागची सीट काढून टाकली, कारण तिथं आईचे टोप बसायचे होते. आई बिस्सी चालवायची. बिस्सी म्हणजे परगावाहून एकट्यानं आलेल्या कारागिरांची खानावळ. भिवंडीला लागून राहनाळला आमच्या घरामागे दोन मोठ्या चुली होत्या. पहाटेपासून तिथं डाळ शिजे, भात उतरे, आई आणि मी चपात्यांचे ढीग घालत असू. डाळ आंबट आणि पातळ हवी, कारण निम्मे लोक तेलंगणाकडचे. वर लसणीची सणसणीत फोडणी हवी, कारण उरलेले निम्मे उत्तरेचे. आमच्यासाठी मात्र त्याच निखाऱ्यांवर सुके बोंबील भाजले जात, नाहीतर कांद्यावर जवळा. पातळ डाळीचा मोठा टोप लूमच्या चिंध्यांपासून वळलेल्या थोरल्या चुंबळीवर बसवायचा, बाजूला भाताचा, पुढच्या सीटखाली चपात्यांची टोपली, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या आत भिवंडीतल्या कारखान्यांच्या गल्लीत पोचायचं. आई मागे टोपाचे कान धरून बसे. बाबा गाडी चालवत. गाडीची चावी त्यांच्या कंबरेच्या करगोट्याला बांधलेली असे. ती आंघोळीलाही सुटत नसे.

ती सुटली एका दुपारी. गल्लीच्या तोंडाशी मोरी आहे आणि मोरीवरून एकदम चढ लागतो. पोशन्ना नावाचा हातगाडीवाला सुताच्या गोण्या घेऊन मागून उतरत होता. बाबा गाडी मागे घेत होते. हातगाडी आडवी झाली, गोण्या मोरीत गेल्या आणि पोशन्नाचा पाय चेंगरला. हाड मोडलं नाही, पण महिनाभर तो लंगडत होता. पोशन्ना म्हणाला, मी तीनदा ओरडलो. बाबा म्हणाले, तो ओरडलाच नव्हता. आईनं दोघांचंही ऐकून घेतलं. घरी आल्यावर तिनं बाबांसमोर हात पसरला आणि म्हणाली, "चावी द्या." बाबांनी करगोट्याची गाठ सोडली, चावी तिच्या हातावर ठेवली आणि तसाच रिकामा फास कंबरेला ठेवून ओटीवर जाऊन बसले. पुढचे कितीतरी दिवस कुणी विषय काढला की ते एकच वाक्य बोलत, "त्यो वरडलाच न्हवता." ते खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. त्यामुळे आम्हाला काय करावं ते कळेना.

मग आईनं एका रिक्षावाल्याशी ठरवलं. तो दोन दिवस वेळेवर आला आणि तिसऱ्या दिवशी आलाच नाही. चौथ्या दिवशी आला तोवर सुट्टी संपत आली होती. कारागिरांची सुट्टी लूमच्या हिशेबानं असते, पोटाच्या नव्हे. दोन गल्ल्या टाकून दुसरी बिस्सी होती, तिथं गरम जेवण तयार असे. यासीन चाचा म्हणून आमच्याकडे जेवणाऱ्यांतले वडीलधारे होते, त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "भाभी, लडके लोग भूखे कितने दिन रुकेंगे? मैं तो रुक जाऊँगा, मेरा क्या." बिस्सी गेली असती तर आमच्या घरी दुसरं काही नव्हतं. शेताचा तुकडा पावसाळ्यापुरता भात द्यायचा. थोरल्या बहिणीचं लग्न झालं होतं, भाऊ नव्हता. शेजारची एक बाई हळहळून म्हणाली, "पोरगा असता तर गारी चालवली असतीन." मला ते वाक्य इतकं झोंबलं की चपाती लाटता लाटता मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, "गाडी मी शिकते." आई म्हणाली, "चपाती करपतंय, ती उलट आधी."

शिकवायला गणूमामा आला. आईचा धाकटा भाऊ, कापडाचे तागे वाहणाऱ्या टेम्पोवर ड्रायव्हर. स्वभावानं मोकळा, तोंडात सदा बडीशेप. त्याला सुट्टी फक्त शुक्रवारी, कारण भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी कारागीर सिनेमाला जात, कुणा गाववाल्याकडे जेवायला जात, आईची चूलही अर्धीच पेटे. तेव्हा माझं शिक्षण शुक्रवारी दुपारी. तोवर आई बाकीचे दिवस मिळेल ती रिक्षा दुप्पट पैशांनी पकडून कसंबसं जेवण पोचवत होती. आधी आमच्या खळ्यावर, मग मानकोलीच्या रस्त्याला. त्या वेळी तिथं दोन्ही बाजूंना शेतं होती आणि मधून एखादा ट्रक जाई. आज त्याच खळ्याच्या जागी एवढं मोठं गोडाऊन उभं आहे की त्याच्या सावलीत आमचं सगळं गाव बसेल. कंटेनर तिथं उलटे येऊन शटरला लागत असतात, त्यांच्या मागे घेण्याच्या पिपाण्या दिवसभर वाजतात. मी तिथून जाते तेव्हा मला बरोबर सांगता येतं की कुठल्या शटरपाशी मी पहिल्यांदा गाडी बंद पाडली होती.

मामाची शिकवण्याची रीत एकच होती. "आयक," तो म्हणायचा. "विंजान काय बोलतंय ते आयक. रडाया लागलं का गिअर खाली. वरडाया लागलं का वर. क्लच सोडताना आवाज जड जाला का थांब, तवाच ॲक्सिलेटर दे." मला ते पटलं आणि जमलंही. शुक्रवारची दुपार, वारा पडलेला, इंजिनाचा बारीकसारीक श्वाससुद्धा कानांत शिरायचा. मी डोळे रस्त्यावर आणि सगळा जीव कानांत ठेवून गाडी चालवायला शिकले. पुढे मामानं मला गल्लीतही नेलं. बंद शटरांमधून, मोरीवरून, त्याच चढावर थांबवून पुन्हा काढायला लावली. एकदाही बंद पडली नाही. ठाण्याला मोकळ्या मैदानावर परीक्षा झाली, तिथं पहिल्या फटक्यात पास. मामानं गावभर सांगितलं की माझी भाची माझ्यापेक्षा चांगली चालवते. बाबा या सगळ्या दिवसांत ओटीवर बसून आमच्याकडे बघत. एकदा ते उठून गाडीपाशी आले होते, काही सांगणार होते, पण मामा जोरात हसत काहीतरी सांगत होता, तेव्हा ते परत फिरले. मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

लायसन हातात आल्यावर पहिला दिवस ठरला तो शनिवार. मामा त्याच्या ड्युटीवर. मागे आई टोपाचे कान धरून, पुढे मी एकटी, पायात नवे जाड तळाचे सँडल, मामानंच आणलेले. गावापासून नाक्यापर्यंत सगळं छान झालं. मग आम्ही गल्लीत वळलो आणि माझ्या पायाखालची गाडीच नाहीशी झाली. मला दुसऱ्या शब्दांत ते सांगता येत नाही. दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट आला आणि इंजिनाचा आवाज त्यात बुडाला. जन्मापासून मी तो खडखडाट ऐकत आले होते, आईबरोबर शेकडो वेळा त्या गल्लीतून गेले होते. पण गाडी मी फक्त शुक्रवारी चालवली होती. भिवंडीत राहून, लूमच्या जिवावर जेवून, लूम चालू असताना गाडी कशी चालवायची याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

चढावर पुढचा टेम्पो थांबला म्हणून मी थांबले. तो निघाला. मी क्लच सोडला. गाडी हलली नाही. इंजिन बंद पडलं होतं आणि मला कळलं नव्हतं. मी मेलेल्या इंजिनाला ॲक्सिलेटर देत होते. चावी फिरवली. चालू झालं की नाही ते कळेना म्हणून पुन्हा फिरवली, ते चालूच होतं; सगळी गाडी दात खाल्ल्यासारखी करकरून थरथरली. मागून हॉर्न सुरू झाले, ते मात्र ऐकू येत होते. मी घाबरून पाय दाबला, किती दाबला ते देव जाणे, आणि क्लच एकदम सोडला. गाडीनं उडी मारली. आईच्या तोंडून "अगो" एवढंच निघालं. डाळीचा अख्खा टोप आडवा झाला. गरम डाळ आईच्या पायांवर, चपात्यांच्या टोपलीत, माझ्या पाठीवर, सगळीकडे. गल्लीतले लोक धावत आले आणि त्यांनी गाडी ढकलून बाजूला लावली. कारागिरांनी त्या दिवशी कोरडा भात आणि कांदा खाल्ला. कुणी मला वाईट बोललं नाही. यासीन चाचा हात धुताना फक्त म्हणाले, "बेटी, कल दाल आएगी ना? नहीं आनी हो तो बोल दे, मैं इनको बता दूँ." मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आएगी." कशी येणार, ते मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर आईनं पायाला खोबरेल लावलं. भाजलं थोडंच होतं, पण तिचा चेहरा उतरला होता. संध्याकाळी मामा आला, त्यानं हकीगत ऐकली आणि डोक्याला हात लावला. "अक्का, गारी इकून टाक," तो म्हणाला. "माज्या वलखीत माणूस हाय. बिस्सीचं मंग बगू काय ते." आई गप्प होती, आणि आई गप्प असली म्हणजे ती निम्मी तयार झालेली असे. मी सीटला लागलेली डाळीची हळद घासत होते. बाबा ओटीवरून आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. मग ते उठले, आईसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात पसरला. आईनं पदराच्या गाठीची चावी सोडून त्यांच्या हातावर ठेवली. ते माझ्याकडे वळले. "सँडल कार," ते म्हणाले. "आनि ये." मी सँडल काढले आणि त्यांच्यामागे गेले.

ऊन अजून होतं. बाबांनी मला गाडीत बसवलं, चुंबळीच्या चिंध्यांतून कापसाच्या वातींसारखे सुताचे दोन बोळे काढले आणि म्हणाले, "कानांत घाल. घट्ट. आनि डोले मिट." मग त्यांनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली, माझा तळवा गिअरच्या मुठीवर ठेवला आणि जरा वेळानं माझ्या खांद्यावर थाप मारली, म्हणजे सांग, चालू की बंद? मी चालू म्हटलं. बंद होती. पुन्हा. पुन्हा चुकले. दहाव्या-बाराव्या खेपेला मला मुठीतली बारीक थरथर कळली, आणि एकदा कळल्यावर ती मला सोडून जाईना. इंजिन मोकळं असलं म्हणजे थरथर बारीक, दमलं म्हणजे ठोके जाड आणि लांब लांब. मग डोळे उघडून क्लच. "टाच हलवू नको. पाय हलू हलू वर येऊ दे." अनवाणी तळव्याखाली एका जागी गुदगुली झाल्यासारखं व्हायचं. बाबांनी माझा घोटा तिथंच धरला. त्यांच्या ओठांवरून मी वाचलं, "हितंच थांब. हितं गारी तुजी हाय."

मी कानांतलं सूत काढून विचारलं, "बाबा, तुम्ही असंच चालवायचात?"

"मंग कसा?" ते म्हणाले. "विंजानचा आवाज मना कवा येत व्हता? गारी घेतली तवाच कान गेलं व्हतं. लूम कुटं दुखतंय ते बी मी हातानंच बगायचो. फ्रेमवर हात ठेवला का कलतंय."

दहा वर्षं. दहा वर्षं त्यांनी इंजिन न ऐकता गाडी चालवली होती, आणि आम्ही एका घरात राहून, ओरडून ओरडून बोलून, ते कधी ओळखलं नव्हतं. मला रडू आलं. बाबांना वाटलं मी दमले. "येवड्यात रडतंस?" ते म्हणाले. "आनि हॉरन मना येतंय हां. हॉरन, मानसाचा वरडना, ते समदा येतंय." मी मान हलवली.

आईनं टोप काठोकाठ पाण्यानं भरून चुंबळीवर ठेवला आणि शेताच्या बांधावर जायच्या चढणीला मी गाडी लावली. दिवस मावळेपर्यंत तेच चाललं होतं. थांबवायची, सोडायची, काढायची. पाणी सांडलं की बाबा उतरून बघत आणि बोटांनी दाखवत, किती. आधी चार बोटं, मग दोन. मामा बराच वेळ उभा होता. मग तो विहिरीवरून पाणी आणून टोप पुन्हा पुन्हा भरून देऊ लागला. गाडी विकायचं पुन्हा कुणी बोललं नाही.

रविवारी सकाळी आईनं डाळीचा टोप उतरवताना विचारलं, "जरा कमी घेऊ का? मंजे सांडनार न्हाय." मी म्हटलं, "काठापर्यंत घे." कमी डाळ नेणं म्हणजे कुणाचं तरी ताट अर्धं ठेवणं, आणि ते मला करायचं नव्हतं. बाबा न सांगता पुढे माझ्या शेजारी येऊन बसले. हात त्यांनी मांडीवर ठेवले होते, मुद्दाम, मला दिसतील असे. मी अनवाणी होते. गल्लीत वळल्यावर कालच्यासारखाच इंजिनाचा आवाज बुडाला. पण या वेळी मी त्याची वाट बघत नव्हते. मूठ माझ्या हातात थरथरत होती. मोरी ओलांडली. चढावर मधोमध एक बैल रस्ता अडवून उभा होता, त्याला हाकलेपर्यंत थांबावं लागलं, अगदी कालच्याच जागी. मी पाय वर घेत गेले, तळव्याला गुदगुली लागली, तिथं थांबले, ब्रेक सोडला. गाडी मागे सरकली नाही. ती चढली. आरशात आई दिसली, टोपावर ओणवी, झाकणावर हात आणि डोळे मिटलेले.

चढ संपतो तिथं गल्ली अरुंद होते. मागून जोरात दोनदा हॉर्न आला. बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जाडजूड रूळ, लादलेला टेम्पो अंगावर आल्यासारखा येत होता, त्याला थांबायचं नव्हतं. मी गाडी डावीकडे शटरला घासेल इतकी घेतली. टेम्पो पुन्हा वाजला, इतका जोरात की आईनं डोळे उघडले, आणि तो माझ्या दाराला न लागता आमच्या बाजूनं निघून गेला. तो समोर दिसला तेव्हा बाबा दचकले. त्याआधी नाही. त्यांनी जाणाऱ्या टेम्पोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हॉरन वाजवलान व्हता?"

मी हो म्हटलं.

"किती येला?"

मी दोन बोटं दाखवली. मग खोटं नको म्हणून तीन केली.

मी गाडी कारखान्याच्या दाराशी लावली, आई उतरली, यासीन चाचांनी टोपाचं झाकण उचललं. डाळ काठाला होती, वरची लसूणसुद्धा जागची हलली नव्हती. चाचांनी आत तोंड घालून हाक दिली आणि लोक ताटं घेऊन आले. बाबा अजून गाडीतच होते. मी खिडकीपाशी गेले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. त्या गल्लीत त्यांना ओरडावं लागलं असतं, पण ते ओरडले नाहीत. मी त्यांच्या ओठांवरून वाचलं.

"मंग त्यो पोशन्ना बी वरडला आसंल."

मग मी बाहेरून दार उघडलं आणि ते उतरले. शर्ट वर करून त्यांनी करगोट्याचा रिकामा फास सोडला आणि तो काळा दोरा माझ्या हातात दिला, चावीला बांधायला. आईकडून एक ताट मागून घेतलं, भात वाढून घेतला, डाळ स्वतःच्या हातानं वर ओतली, आणि ते ताट सांभाळत चढ उतरून खाली मोरीपाशी गेले, जिथं पोशन्नाची हातगाडी उभी असायची. त्यांचं काय बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. गल्लीतले बाकीचे लूम चालू होते. पण दोघं हातगाडीच्या दांड्यावर शेजारी शेजारी बसलेले मला वरून दिसत होते, आणि पोशन्ना जेवत होता.

त्यानंतर सतरा वर्षं मी त्या गल्लीत डाळ नेली. बाबांनी पुन्हा कधी गाडीच्या चावीला हात लावला नाही. ते माझ्या शेजारी बसत आणि चढावर त्यांचा डावा पाय आपोआप वर येई. आता माझ्या मुलाकडे विजेवरची, क्लच नसलेली गाडी आहे. तिचा आवाज येत नाही आणि तिला थरथरही नाही. तो म्हणतो, आई, तू चालव, यात काही शिकायचं नसतं. मी चालवते. पण गल्लीचा चढ आला की मी चपला काढते.